मोडीत निघण्याआधी

पुण्यातल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांपाशी आलं की माणसं थबकतात. सुपारी कातरायचं ते घरगुती हत्यार. पण कुणा कारागिराने त्याचा घोडा केला आहे, कुणी पक्षी, कुणी स्त्री-पुरुषाची जोडी. याच संग्रहात अंग घासायच्या वजऱ्या आहेत, दिवे आहेत, फण्या, दौती, कुंकवाचे करंडे आहेत. हे सगळं जमवणारे दिनकर गंगाधर केळकर (१८९६-१९९०) कवी होते, ‘अज्ञातवासी’ या नावाने लिहीत. घरचा धंदा चष्म्यांचा. सुमारे २०,००० वस्तूंचा हा संग्रह त्यांनी शासनाला देऊन टाकला आणि त्याला लहानपणीच गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं, नाव दिलं. संग्रहात शस्त्रं आहेत, मूर्ती आहेत, कोथरूडहून उचलून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही आहे. तरी केळकरांची ओळख ठरली ती माजघर, देवघर आणि पानाच्या तबकातल्या वस्तूंनी. दुसऱ्या कुणाला त्या जपाव्याशा वाटल्या नव्हत्या. कवितेत कवी जसा एखादा शब्द ठेवतो आणि दहा गाळतो, तशीच त्यांची ही निवड होती. संग्रह ही कला आहे असं मी म्हणतो ते या अर्थाने.

तुम्हालाही असा संग्रह करता येतो. त्यासाठी वाडा लागत नाही की पैसा लागत नाही. लागते ती एक ठाम आवड आणि नाही म्हणायची सवय.

पहिलं काम विषय ठरवण्याचं. ‘जुन्या वस्तू’ हा विषय होत नाही. जुन्या वस्तू म्हटल्या की ग्रामोफोन, कंदील, टाइपरायटर आणि शिवणयंत्राचा पाय असं सगळं एका खोलीत येतं आणि ती खोली दुकानासारखी दिसू लागते. तिच्यात तुम्ही कुठेच नसता. विषय अरुंद घ्या, आणि तो तुमच्या आयुष्याला कुठेतरी चिकटलेला असू द्या. वडील किराणा दुकानदार असतील तर धान्याची मापं घ्या. निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, पायली ही नावं अजून सत्तरी ओलांडलेल्यांच्या तोंडी आहेत. १९५८पासून मेट्रिक वजनं-मापं टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली आणि ही सगळी भांडी अडगळीत गेली. मापं गावागणिक थोडी वेगळी असत, पण ढोबळमानाने एकाच्या दुप्पट दुसरं अशी ती चढत जातात. कमरेत बारीक अशी पितळी मापं फळीवर क्रमाने लावून पाहा, एकाच आकाराची लहानापासून मोठ्यापर्यंत चढत गेलेली ती रांग कुठल्याही शिल्पाइतकी देखणी दिसते. आई रांगोळी काढत असेल तर रांगोळीच्या वह्या घ्या. ठिपक्यांची गणितं हाताने मांडलेल्या त्या वह्या प्रत्येक घरात होत्या आणि आता रद्दीत चालल्या आहेत. वाचनाचं वेड असेल तर दिवाळी अंकांची मुखपृष्ठं आहेत. का. र. मित्रांच्या ‘मासिक मनोरंजन’ने १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासूनचा सगळा पट जमवायला जाऊ नका. एकट्या दीनानाथ दलालांनी रंगवलेल्या मुखपृष्ठांनी तुमची भिंत भरेल. लग्नपत्रिका, शाळेचे बिल्ले, पेढ्याचे आणि संदेशाचे साचे, काडेपेट्यांची लेबलं, यातलं काहीही चालेल. कसोटी एकच लावा. त्या वस्तूबद्दल कुणी विचारलं तर तुम्हाला न थांबता दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे.

माझा विषय भांड्यांवर घातलेली नावं हा आहे. त्याबद्दल जरा विस्ताराने सांगतो, कारण संग्रहातून आपलं म्हणणं कसं उमटतं हे त्यावरून चांगलं दाखवता येईल.

मराठी घरात भांडं आलं की त्यावर नाव घालायची रीत होती. लग्नकार्यात सगळ्या आळीची भांडी एकत्र व्हायची, ती परत ओळखू यावीत हा मूळ हेतू. पूर्वी छिन्नी-हातोडीने टिंबं ठोकून अक्षरं काढत, पुढे विजेवर चालणारं कोरणीयंत्र आलं आणि भांड्यांच्या दुकानाबाहेर ‘नावे घालून मिळतील’ अशा पाट्या लागल्या. टिंबांची अक्षरं सुटी, सरळ आणि थोडी अवघडलेली असतात. यंत्राची अक्षरं हातच्या लिखाणासारखी लपेटीची असतात. हे एवढं कळलं तरी तारीख नसलेल्या भांड्याचा काळ साधारण सांगता येतो. मजकूर मात्र नावापुरता थांबत नाही. कुणी कुणाला दिलं, कशानिमित्त दिलं, कोणत्या तारखेला, हे सगळं त्या दोन इंचांत मावलेलं असतं. ‘चि. सौ. कां.’ असेल तर लग्नातला आहेर. ‘वास्तुशांतीप्रीत्यर्थ’ असेल तर घर बांधलं ते साल कळतं. ‘ती. आईच्या स्मरणार्थ’ असेल तर वर्षश्राद्धाला वाटलेलं भांडं. गिरणीचं किंवा पतपेढीचं नाव असेल तर दिवाळीची किंवा रौप्यमहोत्सवाची भेट.

माझ्याजवळ एक फुलपात्र आहे. त्याच्या कडेखाली एका बाजूला टिंबटिंबांनी ‘विमल’ ठोकलेलं आहे. ते भांडं फिरवलं की बरोबर समोरच्या बाजूला यंत्राने, वेगळ्या वळणात, ‘सुधा’ असं कोरलेलं आहे. पहिलं नाव खोडलेलं नाही. दुसरं घालणाऱ्याने पहिल्यापासून जेवढं लांब जाता येईल तेवढं जाऊन जागा निवडली आहे. तळ बाहेरून झिजलाय आणि काठाला दोन ठिकाणी पोचे आहेत. बाजारात या भांड्याला वजनापलीकडे किंमत नाही. माझ्या फळीवर ते मध्यभागी असतं.

अशी शंभर भांडी समोर असतील तर त्यांतून काय ठेवायचं? सगळी ठेवली तर तो साठा झाला. मी आधी फक्त बायकांची नावं असलेली वेगळी काढली. तसं करताना लक्षात आलं की बहुतेक भांड्यांवर नवऱ्याचं किंवा सासऱ्याचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट, आणि बाईचं नाव येतं ते लग्नातल्या आहेरावर किंवा मृत्यूनंतरच्या स्मरणभांड्यावर. मधल्या चाळीस-पन्नास वर्षांत तीच ते भांडं रोज घासत होती आणि त्यावर नाव दुसऱ्याचं होतं. माझ्याकडच्या फळीवर आता मधली तीन भांडी अशी आहेत की ज्यांवर बाईचं नुसतं नाव आहे, मागेपुढे काही नाही. दोन्ही बाजूंना लांबलचक पुरुषी नावांची भांडी आहेत. घरी आलेल्या माणसाला मी काही समजावत नाही, तो स्वतःच वाचतो आणि बोलू लागतो. हीच भांडी धातूनुसार लावली असती, तांबं, पितळ, मग स्टील, तर त्यांनी स्वयंपाकघराचा इतिहास सांगितला असता. गावांनुसार लावली असती तर सोयरिकींचा नकाशा झाला असता. वस्तू त्याच, पण कोणत्या ठेवायच्या आणि कशा लावायच्या हे तुम्ही ठरवता, आणि त्या ठरवण्यातच तुमचा स्वभाव, तुमचं मत, तुमचं दुःखसुद्धा उतरतं.

आता नोंदवहीबद्दल. नोंद नसलेली वस्तू तुमच्यामागे मुकी होते, म्हणून एक जाड वही घ्या आणि पहिल्या वस्तूपासून लिहा. क्रमांक, वस्तूचं नाव, कुठून मिळाली, कुणाकडून, कधी, कितीला, लांबी-रुंदी, वजन, त्यावरचा मजकूर जसाच्या तसा. वस्तूचं नाव पुस्तकी लिहू नका, देणाऱ्याच्या तोंडचं लिहा. कुणी चुनाळू म्हणेल, कुणी चुन्याची डबी. दोन्ही लिहून ठेवा, गावाच्या नावासकट. धातूच्या वस्तूला क्रमांकाची चिठ्ठी सुती दोऱ्याने बांधा, डकवू नका. कागदावर क्रमांक घालायचा तर मागच्या बाजूला, मऊ पेन्सिलने. पुसट झालेलं कोरीव नाव वाचायचं असेल तर त्यावर पातळ कागद धरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, अक्षरं कागदावर उतरतात. तोच कागद वहीत लावा. शक्य असेल तिथे वस्तू देणाऱ्या आजीआजोबांना बोलतं करा आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. परातीत किती माणसांची कणीक मळली जाई, हे परातीकडे पाहून कळत नाही.

वस्तू मिळवायच्या कुठून? आधी आपल्या घरातून. माळा, पलंगाखालची पेटी, गावच्या घराची बंद खोली. मग नातेवाईक. लोक आनंदाने देतात, फक्त ‘जुनं काही आहे का’ असं विचारू नका. ‘तुमच्याकडे नाव घातलेली पितळी भांडी आहेत का’ असं नेमकं विचारा. नेमक्या प्रश्नाला माणूस उठून कपाट उघडतो. त्यानंतर बाजार. पुण्यात जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मुंबईत चोर बाजारातली मटण स्ट्रीट प्रसिद्ध आहे. जवळजवळ प्रत्येक गावात मोड घेणारा भांडेवाला आहे आणि माझ्या मते शिकण्यासाठी तीच सर्वांत चांगली जागा. त्याच्याकडे भांडी वजनावर येतात आणि वजनावर वितळायला जातात. मोडीच्या भावापेक्षा थोडं जास्त दिलं तर तो आनंदाने बाजूला काढून ठेवतो. एकदा ओळख झाली की निरोप पाठवतो.

बाजारात ‘दोनशे वर्षं जुनी’ म्हणून विकलं जाणारं बरंच काही अलीकडे ओतलेलं आणि रसायनात बुडवून काळं केलेलं असतं. ते ओळखायचं तर रंगाकडे पाहू नका, झीज पाहा. खऱ्या वापरात वस्तू सगळीकडे सारखी झिजत नाही. अडकित्ता खिळ्यापाशी सैल होतो आणि पात्याच्या मध्यावर झिजतो. पळीची एकच कड झिजते, कारण वाढणाऱ्याचा हात उजवा. समईचं तेल जिथे ओघळतं तिथे काळपट थर बसतो. लाटणं मध्ये बारीक होतं. बनावट वस्तूचा काळेपणा सगळीकडे एकसारखा असतो. ही नजर पुस्तकाने येत नाही. महिनाभर काहीही विकत न घेता नुसतं हाताळत फिरा.

कायद्याचं एक अंग आहे, आणि त्यावर मी तडजोड करत नाही. पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२चा. त्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावस्तू ठरू शकते. शास्त्रीय, ऐतिहासिक किंवा साहित्यिक मोलाच्या हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षांची आहे. मूर्ती, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा काही प्रकारांची नोंदणी करावी लागते. खाजगी व्यक्तीला पुरावस्तू देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाही. मुलगी परदेशात असेल आणि तिला पणजीची समई पाठवायची असेल, तर ती वस्तू पुरावस्तू नसल्याचा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घ्या, मगच पाठवा. जमिनीत सापडलेल्या धनाबद्दल १८७८चा कायदा अजून लागू आहे, सापडलं तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. हस्तिदंत आणि वन्यप्राण्यांची कातडी-शिंगं यांच्या वाटेलाच जाऊ नका, काही जातींचे शंखशिंपलेही संरक्षित आहेत. आणि किल्ल्यावरून, पडक्या देवळातून, गावाच्या वेशीवरून काहीही उचलून आणू नका. वीरगळ तिच्या गावात उभी आहे तोवर ती कुणाची तरी आठवण आहे. दिवाणखान्यात आणली की ती चोरी आहे.

जपणूक सोपी आहे, पण तिथे उत्साहाने नुकसान होतं. पितळ-तांब्यावर काळानुसार चढलेला तपकिरी थर हा मळ नव्हे. चिंच, लिंबू, पावडर लावून लख्ख केलं की तो जातो आणि वारंवार घासल्याने कोरलेली अक्षरंही उथळ होत जातात. कोरड्या सुती फडक्याने पुसा, तेवढं पुरे. हिरवी पूड धरत असेल तर मात्र दमट जागेतून लगेच हलवा. लोखंडी वस्तूला, विळीला, अडकित्त्याला पावसाळ्याआधी तेलाचा पुसट हात फिरवा. लाकडी वस्तूखाली बारीक भुसा पडलेला दिसला तर आत किडा आहे, ती वस्तू लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. कागदाचे शत्रू तीन: ऊन, ओल आणि कसर. पत्रिका, लेबलं, मुखपृष्ठं लॅमिनेट करू नका, ते परत सोडवता येत नाही. चिकटपट्टी तर नकोच, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. आम्लरहित कागदाच्या पाकिटात घालून, आडवं, कोरड्या कपाटात ठेवा. कोकणात आणि गोव्यात पावसाळ्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या लागतात.

मांडणीकडे बहुतेक संग्राहक सर्वांत शेवटी वळतात. खरं तर कला इथेच दिसते. गोव्यात बाणावलीला व्हिक्टर ह्यूगो गोम्स यांनी २००९ साली उघडलेलं ‘गोवा चित्र’ हे संग्रहालय वेळ काढून पाहा. नांगर, रहाट, घाणे, मापं, कुंभारा-सुतारांची अवजारं. गोम्स स्वतः चित्रकलेचं शिक्षण घेतलेले, म्हणून त्या अवजारांच्या रांगांत लय आहे. इमारतसुद्धा पाडलेल्या जुन्या घरांची दारं-खिडक्या वापरून उभी केली आहे. इस्तंबूलमध्ये ओरहान पामुक यांनी आपल्या ‘द म्युझियम ऑफ इनोसन्स’ या कादंबरीवरून २०१२ साली खरंखुरं संग्रहालय उघडलं. कादंबरीत ८३ प्रकरणं आहेत, तशाच तिथे पेट्या मांडलेल्या आहेत. एका भिंतीवर ४,२१३ सिगारेटची थोटकं टाचलेली आहेत, कथेतल्या प्रेयसीने ओढलेली म्हणून, आणि प्रत्येकाखाली तारीख-टिपण आहे. थोटकाला स्वतःचं मोल काहीच नाही, त्याला किंमत आली ती टिपणामुळे. चंदीगडला नेकचंद सैनी हे सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्त्यांवर देखरेख करणारे गृहस्थ फुटक्या बांगड्या, कपबशा, फरशांचे तुकडे गोळा करत राहिले. त्यांतून घडलेलं रॉक गार्डन १९७६ साली लोकांना खुलं झालं.

आपल्या दोन खोल्यांच्या घरात एवढं होणार नाही, आणि व्हायलाही नको. एक फळी किंवा एक भिंत ठरवा आणि त्याबाहेर जाऊ नका. वस्तूंमध्ये मोकळी जागा सोडा. एकमेकींना टेकलेल्या वस्तू डोळा वेगळ्या पाहत नाही. उजेड एका बाजूने येऊ द्या म्हणजे कोरीवकाम उठून दिसतं. चिठ्ठी लिहा, दोन ओळींची, स्वतःच्या हस्ताक्षरात. वर्षातून दोनदा मांडणी बदला आणि बदलताना प्रत्येक वस्तू हातात घेऊन विचारा की ही अजून माझं काही सांगते का. नसेल सांगत तर देऊन टाका. दुसऱ्या संग्राहकाशी अदलाबदल करा, शाळेला द्या, गावातल्या वाचनालयाला द्या. नवी वस्तू आली की एक जुनी जावी, हा नियम कडक वाटला तरी माझ्या अनुभवात त्यानेच संग्रह धारदार होतो.

किमतीसाठी म्हणून संग्रह करणाऱ्यांना माझा एकच सल्ला आहे, सोनं घ्या. ज्यात भाव चढेल ते घेऊ लागलात की बाजाराची आवड तुमच्या घरात येते आणि तुमची बाहेर जाते. घरच्यांनाही विश्वासात घ्या. वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा की माझ्यामागे हे कुणाला द्यावं. केळकरांचा संग्रह आज आपण पाहू शकतो, कारण त्यांनी जिवंतपणीच त्याची सोय लावली.

सुरुवात या दिवाळीच्या साफसफाईलाच करा. माळ्यावरची भांडी मोडीत द्यायला काढाल तेव्हा पोतं बांधण्याआधी प्रत्येक भांडं उजेडात धरून त्याच्या काठाखाली पाहा, तळाशी पाहा. नाव दिसलं तर घरातल्या सर्वांत वयस्क माणसाला वाचून दाखवा आणि ते काय सांगतात ते तिथल्या तिथे लिहून घ्या. पन्नासातलं एक भांडं ठेवलंत तरी चालेल. बाकीची खुशाल द्या.